खंडेनवमीचा अँप्लिफायर

इंदिरा: अहो, लाल दिवा लागतो, आत उजेडही दिसतो, पण आवाजाच्या नावानं ठणठण गोपाळ! परवा संध्याकाळपर्यंत छान वाजत होता, अच्युतभाऊ.

अच्युत: आणि काल?

इंदिरा: काल खंडेनवमी. काल कोण वाजवणार? गिटार पेटीत, अँप्लिफायर कोपऱ्यात. सकाळी उठून सुरू केला तर हे असं. पाच वाजता माझा कार्यक्रम आहे हो! आयुष्यातला पहिला. सगळ्या इंदूरभर सांगून ठेवलंय मी.

अच्युत: घाबरू नका, ताई. हा मी माझ्या हातानं बनवलाय. टेलिफोन ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या बाता जोडतो, पण जीव म्हणाल तर तो ह्याच्यात. आधी प्लग काढा. आणि आत बोट घालू नका बरं, बंद केल्यावरसुद्धा ह्याच्या पोटात करंट साठून असतो. असा झटका देईल ना, डायरेक्ट राजवाड्यापर्यंत फेकून देईल.

जयसिंगराव: काय, मिस्त्री? गेलं का खोकं?

अच्युत: या, काकासाहेब, नमस्कार! गेलं कुठं? जरा रुसलंय. कंबर का धरलीय तुम्ही?

जयसिंगराव: काही नाही. म्हातारपण.

इंदिरा: काल दुपारपासून धरलीय. शेकून दिली, तेल लावलं. काय उचललं विचारलं, तर म्हणे झोपेत उसण भरली. बरं, अच्युतभाऊ, आबांचं मनावर घेऊ नका. ते ह्याला खोकंच म्हणतात. मी म्हटलं होतं, आबा, तुमच्या तलवारीशेजारी, बिगुलाशेजारी माझी गिटार नि अँप्लिफायर ठेवू का पूजेला? तर म्हणाले, हत्यारांच्या पंगतीत खोकं बसत नाही.

जयसिंगराव: मग? आमच्या आजोबांची तलवार आहे ती. होळकरांच्या रिसाल्यातली. आणि बिगुल माझा, छावणीतला. तीस वर्षं होळकर सरकारच्या फौजेत फुंकलाय. छाती लागते त्याला, छाती! हे काय, बटण दाबलं की बोंबलतं. स्वतःचा दम नाही तो कसला सूर?

अच्युत: बटणानं नाही बोंबलत, काकासाहेब. बसा तर खरं, पाठ टेकून बसा. स्क्रू उघडेपर्यंत सांगतो. ताई गिटारची तार छेडतात, बरोबर? तार पोलादाची. तिच्याखाली हा लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, हजारो वेढे. वर तार थरथरली की खाली ह्या वेढ्यांत करंट थरथरतो. तसाच्या तसा. पण किती? काहीच नाही! मुंगीच्या शिंकेएवढा.

इंदिरा: मुंगी शिंकते?

अच्युत: शिंकत असेल तर एवढीच शिंकत असेल, ताई. मधे बोलू नका, मला लिंक लागलीय. तर तो थरथरता करंट ह्या वायरीतून इथं येतो, पहिल्या वॉल्व्हमध्ये. काचेची कुपी, आतली सगळी हवा काढून टाकलेली. आत तार तापते, तिच्यातून वीज निघते आणि समोरच्या पत्र्याकडे धावते. मधे एक जाळी. ह्या मुंगीच्या शिंकेला मी त्या जाळीवर बसवतो. जाळी म्हणाली थांब, तर वीज थांबली. जाळी म्हणाली जा, की सुटली! वीज माझी, भिंतीतल्या प्लगची, पाहिजे तेवढी. पण तिनं कसं चालायचं, ते ठरवणार ताईंची तार.

जयसिंगराव: पुन्हा सांग.

अच्युत: अं? कुठलं?

जयसिंगराव: ते शेवटचं. ताकद कुणाची आणि चाल कुणाची?

अच्युत: ताकद प्लगातल्या विजेची. चाल तारेची.

जयसिंगराव: म्हणजे असं बघ. परेडला जनरलसाहेब घोड्यावर बसून हळूच म्हणायचे, कूच. मिशीतल्या मिशीत. शेजारच्या घोड्यालासुद्धा ऐकू जायचं नाही. मी बाजूला उभा. मी फुंकला की अख्खी पलटण चालायला लागायची. हुकूम जनरलचा, दम बिगुलवाल्याचा. असंच ना हे?

अच्युत: काकासाहेब! अहो काय बोललात! मी एवढी पुस्तकं चाळली, पण हे असं कुणी सांगितलं नाही. बिल्कुल तेच! पुढे मग आवाजाचं हे बटण, हे जाड-बारीक करण्याचं. त्याच्यापुढे मोठा वॉल्व्ह, तो खरा पैलवान. पहिला नुसता सूर मोठा करतो, हा त्याच्यात जोर भरतो. मग हा ट्रान्सफॉर्मर, आणि शेवटी स्पीकर. त्याच्या मागं परत चुंबक, परत वेढे. इकडे जे तारेचं झालं ते तिकडे उलटं होतं, वेढे थरथरतात, कागद हलतो, हवा हलते आणि आपल्या कानात गिटार.

इंदिरा: बघितलंत ना, आबा? जिवंत आहे तो. मी पोलादाची कांडी तारेवरून अशी सरकवते ना, तर शेवटपर्यंत सूर धरून ठेवतो. नुसत्या गिटारवर तोच सूर टिचकी मारल्यासारखा मरून जातो.

जयसिंगराव: हं.

इंदिरा: हं काय? चांगला म्हणा की एकदा!

अच्युत: ताई, एक मिनिट. मागची फळी निघाली. अरे बाप रे. हे काय?

इंदिरा: काय झालं? जळलं काही?

अच्युत: जळलं नाही. ह्याच्यात कुंकू आहे.

इंदिरा: काय आहे?

अच्युत: कुंकू! आणि हळद. वरच्या हवेच्या फटीतून सांडलंय, सगळ्या पत्र्यावर सडा. हे बघा, आवाजाच्या बटणामागच्या डबीत तर पूर्ण होळी झालीय. अक्षता. झेंडूच्या पाकळ्या. आणि हा स्पीकरखाली कोण बसलाय? सुपारी! ताई, ह्याच्यात गणपती विराजमान आहेत!

इंदिरा: अग बाई! अहो पण मी तर साधं बोटसुद्धा लावलं नाही काल. दुपारी शरदकडे गेले होते, मांडव बघायला; आजचा कार्यक्रम तोच करतोय ना. आई परवापासून बेटम्याला मामांकडे. घरात फक्त जनाबाई होती भांड्यांना. तिनंच केलं असणार. भोळी आहे ती, घरातली प्रत्येक वस्तू पुजते. गेल्या वर्षी शिवणयंत्राच्या तेलाच्या भोकात कुंकू भरलं होतं तिनं. येऊ दे आता, चांगली बोलते तिला!

जयसिंगराव: जनाबाईला काही बोलायचं नाही.

इंदिरा: का नाही? माझा कार्यक्रम बुडतोय आणि...

जयसिंगराव: सांगितलं ना, नाही बोलायचं. तिनं नाही केलं.

इंदिरा: मग कुणी केलं? आबा?

जयसिंगराव: पाट मोठा आहे आपला.

इंदिरा: आबा!

जयसिंगराव: ओरडू नकोस. तलवार ठेवली, पट्टा ठेवला. बिगुल घासून पुसून ठेवला. कुंकू लावताना म्हटलं, ह्याची पूजा कशाची करायची? पुढचे दात गेले तेव्हाच हा मुका झाला. दात नसले की ओठ बसत नाही त्याच्यावर, नुसती फुसफुस निघते. वाजणारं हत्यार आता घरात एकच उरलंय. ते तिकडे कोपऱ्यात, आणि मुकं पाटावर. बरं दिसेना ते. म्हणून उचलून आणलं.

इंदिरा: तुम्ही उचललं हे? एकट्यानं? अहो, मी आणि शरद दोघं मिळून उचलतो तेव्हा कुठं हलतं. म्हणून कंबर!

जयसिंगराव: गिटारचीही केली. तिच्या पेटीची ती कडी उघडता उघडता घाम फुटला. तिच्यावर काही सांडलं नाही म्हणून तुला कळलं नाही.

इंदिरा: पण मला तर म्हणालात, खोकं पंगतीत बसत नाही!

जयसिंगराव: म्हणालो. तोंडातून गेला शब्द. मग मागे कसा घेणार? तू यायच्या आत परत जागेवर ठेवून दिलं. आणि तिथंच चुकलो. उत्तरपूजा झाल्याशिवाय पुजलेलं हत्यार हलवत नाहीत. आमच्या घराण्यात कधी कुणी हलवलं नाही. मी हलवलं, म्हणून ते मुकं झालं. खरं ना, मिस्त्री? माझ्यामुळे पोरीचा सूर गेला.

अच्युत: नाही हो, काकासाहेब! देव एवढा कडक नाही. ठेवताना जरा धपकन ठेवलंत का?

जयसिंगराव: शेवटी हातातून सुटलं. वीतभर वरून असेल.

अच्युत: बस, तेच. हा बघा, मोठा वॉल्व्ह. खाली काचेला बारीक चीर गेलीय. आणि वर हा डाग दिसतो? चांगल्या वॉल्व्हला इथं आरशासारखी चांदी असते. ही पांढरी पडली, दुधासारखी. म्हणजे आत हवा शिरली. पैलवान गेला. बाकी कुंकू वगैरे मी स्पिरिटनं धुऊन काढीन, त्याचं काही नाही.

इंदिरा: मग दुसरा बसवा ना.

अच्युत: दसऱ्याच्या दिवशी कुठून आणू? एक दुकान उघडं नाही इंदुरात. सगळ्यांनी गल्ल्यापासून कात्रीपर्यंत सगळं पूजेत मांडलंय. माझ्याकडचा शेवटचा मी ह्याच्यातच तर लावला होता.

इंदिरा: म्हणजे संपलं. शरद म्हणालाच होता, गिटारचं नाही जमलं तर सांग, मी मुलींचा गरबा घालतो तुझ्या जागी.

अच्युत: ऐका, ऐका. शरदभियाकडे तो नवा ट्रान्झिस्टरचा आहे, मुंबईहून आणलेला. तो मागून घेऊ. एका हातात उचलतो. वॉल्व्हसारखा तापायला वेळ नाही लागत, बटण लावलं की चालू. फुटायला काच नाही. काही दिवसांनी सगळे तेच वापरतील बघा, मी लिहून देतो.

इंदिरा: परवा वाजवून बघितला मी. हळू वाजवलं तर गोड आहे. पण जरा मोठा केला की सूर एकदम फाटतो, टराटरा. आपला कसा, जोर दिला की घोगरा होतो, पण गातच राहतो. माझी सुरुवातच लांब सुरांनी आहे, अच्युतभाऊ. दुसरं काही नाही का?

अच्युत: ऑर्केस्ट्रावाल्यांकडे असतो तो मोठा, मशीन वेगळी, स्पीकरचं कपाट वेगळं. पण ते लोक आज उज्जैनला गेलेत. मग राहिला मांडवातला भोंगा. त्याच्यात जोडली तर गिटार अशी ऐकू येईल, जशी इलेक्शनची गाडी. "मतदार बंधू-भगिनींनो!"

इंदिरा: हसवू नका हो. मला रडू येतंय.

जयसिंगराव: ह्या पैलवानाचं नाव काय?

अच्युत: नाव? नंबर असतो त्याचा, काकासाहेब. ई-एल चौऱ्याऐंशी.

जयसिंगराव: तो फक्त गिटारच्याच खोक्यात राहतो का?

अच्युत: छे, छे! गिटारसाठी वेगळा कोण बनवतो? मोठ्या रेडिओत असतो हाच. घराघरात आहे. म्हणजे... काकासाहेब, तुमचा तो माडीवरचा रेडिओ...

इंदिरा: नाही. अच्युतभाऊ, नाही! आबांच्या रेडिओला हात लावायचा नाही. राजधानी भोपाळला गेली त्या वर्षी घेतलेला आहे तो. त्यांच्याशिवाय कुणी सुई फिरवत नाही त्याची. रोजच्या बातम्या ऐकल्याशिवाय ते जेवत नाहीत. आणि आज मी गेल्यावर संध्याकाळी एकटेच असणार घरी, रेडिओच त्यांना सोबत. कार्यक्रमाला काही ते येत नाहीत, आधीच सांगितलंय त्यांनी.

जयसिंगराव: इंदिरा, माझ्या उशाशी बॅटरी आहे ती घे, आणि मिस्त्रीला माडीवर घेऊन जा.

इंदिरा: आबा, ऐका ना...

जयसिंगराव: हुकूम आहे. रेडिओवरची ती विणलेली झालर काढून घडी करून ठेव, नाहीतर तुझी आई बेटम्याहून येऊन माझी पूजा करील. अच्युतराव, नीट काढा. काच आहे.

अच्युत: काकासाहेब, तुम्ही मला अच्युतराव म्हणालात.

जयसिंगराव: मग काय म्हणू? जा लवकर. अकरा वाजून गेले.

(थोड्या वेळानं. माडीवरून दोघं खाली आले आहेत.)

अच्युत: बसला. अगदी स्वतःच्या घरात बसावा तसा. आता लगेच नाही वाजणार हां, तापू द्या. वॉल्व्हला घाई चालत नाही. बघा, बघा, काकासाहेब, मागून बघा. तो लाल होतोय.

जयसिंगराव: नंदादीपासारखा दिसतो.

अच्युत: माझी बायको म्हणते, तुम्ही माझ्याकडे असं कधी बघत नाही जसं ह्या काचांकडे बघता. खरं आहे हो, क्या बताऊं! एवढीशी कुपी, आत हवासुद्धा नाही, आणि माणसाच्या बोटातलं सगळं हिला कळतं. बोट घाबरलं तर ही घाबरते. ताई, वायर लावा. आवाज कमी ठेवा आधी.

इंदिरा: काय वाजवू?

अच्युत: पाच वाजता ज्याची सुरुवात करणार तेच वाजवा.

इंदिरा: ते आत्ता नको. ते संध्याकाळचं आहे.

जयसिंगराव: कशाचं आलंय संध्याकाळचं? वाजव! वॉल्व्ह माझा आहे.

इंदिरा: बरं. पण मधे काही बोलायचं नाही, आबा. पूर्ण होऊ द्यायचं.

अच्युत: वा! काय लांबलाय सूर! खरखर नाही, काही नाही. ताई, हा राग कुठला? सरळ सूर आहेत नुसते, वर चढतात आणि थांबतात. काकासाहेब, तुम्ही उभे का राहिलात? कंबर...

जयसिंगराव: चूप राहा. हा बिगुल आहे.

अच्युत: अं?

जयसिंगराव: हा माझा बिगुल आहे. सूर्य मावळताना निशाण उतरवायचं, तेव्हाचा. तीस वर्षं रोज फुंकला. इंदिरा, हा तुला कुणी शिकवला?

इंदिरा: कोण शिकवणार? मी लहान होते, तेव्हा दर दसऱ्याला गच्चीवर जाऊन फुंकायचात तुम्ही. फौज मोडल्यावरसुद्धा. मी पायरीवर बसून ऐकायची. मग दात गेले आणि तुम्ही गच्चीवर जायचंच सोडलंत. मला दसरा सुनासुना वाटायला लागला, आबा. गिटार हातात आली तेव्हा सगळ्यात आधी हाच शोधून काढला मी. आज ह्यानंच सुरुवात करणार होते. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही येत नाही म्हणालात, मग म्हटलं जाऊ दे.

जयसिंगराव: तिसरा सूर.

इंदिरा: चुकला का?

जयसिंगराव: चुकला नाही. तो मला कधी इतका धरता आला नाही. तिथं पोहोचेपर्यंत माझा दम संपायचा, मी सोडून द्यायचो. सरकारांच्या बँडमास्तरानं किती वेळा बोल लावले मला त्याच्यावरून. तू धरलास. पूर्ण धरलास, पोरी. फार छान वाजवलंस.

इंदिरा: दम तर तुमच्याच वॉल्व्हचा आहे, आबा.

अच्युत: ताई, मी जरा पाणी पिऊन येतो. डोळ्यात स्पिरिट गेलं वाटतं.

जयसिंगराव: बसा हो, अच्युतराव. कुठं जाता? उत्तरपूजा राहिलीय ह्याची. इंदिरा, फूल आण एक.

अच्युत: काकासाहेब, पाया पडतो, वरून काही घालू नका! हळद नको, कुंकू नको, आणि गणपतीला तर मुळीच बसवू नका ह्याच्यावर. नुसतं फूल. तेही समोर ठेवा, खाली.

जयसिंगराव: समोर तर समोर. आणि इथून उचलून मांडवापर्यंत शरदला न्यायला सांगा, माझी कंबर आता देणार नाही. आपट्याची पानं घेतलीस का ग? रिकाम्या हातानं जाऊ नये दसऱ्याला.

इंदिरा: घेतलीत. तुमचा रेडिओ उद्या दुकान उघडलं की अच्युतभाऊ नीट करून देतील. पण आज संध्याकाळी तुम्ही काय करणार, आबा? बातम्या नाहीत, काही नाही.

जयसिंगराव: तेच म्हणतो मी. रेडिओ बंद. तुझी आई नाही. मग मी काय घरात बसून भिंतींना सलाम ठोकू? माणसाला कुठंतरी जावंच लागणार.

अच्युत: बरोबर आहे. नाइलाज आहे तुमचा.

जयसिंगराव: नाइलाजच. बरं, अच्युतराव, एक विचारतो. ह्या तुमच्या अँप्लिफायरचा आवाज... कुठं बसलं म्हणजे नीट ऐकू येतो?

इंदिरा: पहिल्या रांगेत, मधोमध. शरदला सांगून परवाच एक खुर्ची धरून ठेवलीय, आबा. पाठ टेकायची.